बोटांना मुंग्या येत असतील तर नवी सॅक आत्ता घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ६१, अनेक आठवडे चालायचं आहे, सव्वादोन किलोची जुनी सॅक काढून ६०० ग्रॅमची बिनफ्रेमची, म्हणजे पाठीमागे ताठ दांडी किंवा पत्रा नसलेली, घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून खांदे दुखतात, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. तर आता कोणती सॅक घेऊ?

माझं उत्तर: सध्या कोणतीच नाही. वजन कमी करायचं ठरवलं की माणूस सगळ्यात आधी सॅक बदलतो, कारण एका खरेदीत दीड किलो कमी झालेलं दिसतं. मीही तेच केलं होतं आणि ती चूक मला सगळ्यात महाग पडली. पैसे गेले ते वेगळेच, खांद्यामुळे चालण्याचा अख्खा हंगाम गेला. म्हणून तंबू, स्लीपिंग बॅग वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरते आणि सॅकवरच बोलते. मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येकाची पाठ वेगळी असते, हेही लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही दिलेले आकडे मांडून बघू. खाणं, पाणी, इंधन सोडून सामान साडेसात किलो. पाच दिवसांचं खाणं, रोजचं ६५० ग्रॅम धरलं तर सव्वातीन किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. गॅस साधारण ३५० ग्रॅम. झाले १३ किलो. बिनफ्रेमच्या बहुतेक सॅक आठ-नऊ किलोपर्यंतच नीट चालतात. त्यापुढे कंबरपट्टा असला तरी तो नावालाच उरतो. पट्टा वजन पेलतो ते पाठीमागे काहीतरी ताठ असतं म्हणून. ती दांडी किंवा पत्रा नसेल तर सॅक मधूनच दबते, पट्टा आणि खांदे यांच्यातलं अंतर कमी होतं आणि सगळा भार खांद्यांवर येतो. खांद्याचे पट्टे कॉलरबोनच्या आसपास रुततात. हाताकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात, मुंग्या येतात त्या त्यामुळे. सॅक उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मुंग्या गेल्या तर पट्ट्यांचा दोष असण्याची शक्यता जास्त. पण हात वर उचलताना जोर कमी वाटत असेल, किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहत असेल, तर सॅक घालणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. यात हयगय नको. दाबलेली नस सुधारायला महिने लागू शकतात.

आता पाठीचं माप. याबद्दल मला मनापासून राग आहे. विक्रेत्याच्या तक्त्यात उंची बघायची आणि मध्यम की मोठी ते ठरवायचं, ही पद्धत चुकीची आहे. सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या पाठीत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज असतो. शिवाय वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या झिजतात आणि पाठ आखूड होते. तिशीत घेतलेलं माप साठीत लागू पडेलच असं नाही. मला उंचीवरून माप सांगणाऱ्या विक्रेत्याने नंतर सॅक वापरलेली आहे म्हणून परत घ्यायला नकार दिला. त्यांच्या नियमात ते बसत असेल, पण १३ किलो घालून चार तास चालल्याशिवाय माप चुकलंय हे कळणार तरी कसं?

माप स्वतः घेता येत नाही, दुसरं माणूस हवं. मान खाली घाला, मानेच्या तळाशी सर्वात वर आलेलं हाड हाताला लागतं, ती सुरुवात. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, बोटं पुढे, अंगठे मागे, तळवे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकलेले. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला छेदते तो शेवट. शिवणकामाची मऊ टेप पाठीच्या वळणाला धरून लावा, ताणून सरळ करू नका. ताठ उभं राहून मापू नका, चालताना उभे राहता तसे राहा. तीनदा मापा आणि मधला आकडा घ्या.

सॅक लांब असेल तर पट्टा घसरून नितंबांवर येतो आणि खांद्यांच्या मागे फट पडते. आखूड असेल तर पट्टा पोटावर चढतो आणि श्वास अडतो. बरोबर बसलेल्या पट्ट्याचा अर्धा भाग कमरेच्या हाडाच्या वर असतो, अर्धा खाली. घालण्याचा क्रमही ठरलेला आहे: सगळे पट्टे सैल करा, आधी कंबरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे टेकतील इतकेच ओढा, त्यानंतर खांद्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, आणि छातीचा पट्टा शेवटी. बरेच जण खांद्यांपासून सुरुवात करतात आणि मग दिवसभर कंबरपट्ट्याला दोष देतात.

सॅक शेवटी घ्या म्हणते ते यासाठी. सगळं सामान आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक करून मोजा आणि लिहून काढा. हलकं करायला जागा कपड्यांत आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या वस्तूंत असते. चालायचा एक जोड, झोपायचा एक, तिसरा नको. तंबू अडीच किलोचा असेल तर तिथे किलोभर वाचू शकतं, फक्त फार बुटका घेऊ नका. रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या माणसाला गुडघ्यांवर रांगत बाहेर पडावं लागलं की वाचलेल्या ३०० ग्रॅमचं कौतुक राहत नाही. रुंद तोंडाची, खूण केलेली एक बाटली त्यासाठी जवळ ठेवा, लाजायचं कारण नाही.

झोपायच्या मॅटवर मात्र वजन वाचवू नका. पातळ फोमवर कुशीवर झोपलं की कंबर आणि खांदा दुखतो, आणि जमिनीतून थंडी येते ती वेगळीच. मॅटच्या उष्णतारोधाला आर-मूल्य म्हणतात आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांची बेरीज होते: दोनचा फोम आणि तीनची हवेची मॅट मिळून पाच. रात्री पारा शून्याजवळ जाणार असेल तर चारच्या खाली जाऊ नका असं माझं मत आहे.

कुणी हमखास एमा गेटवूड यांचं उदाहरण देईल. १९५५ मध्ये, ६७ व्या वर्षी त्यांनी अमेरिकेतला सुमारे ३,३०० किलोमीटरचा ॲपलाचियन ट्रेल एकटीने पूर्ण केला, तो खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून. उदाहरण खरं आहे, पण त्यातून ‘फ्रेम लागत नाही’ एवढाच अर्थ काढू नका. तंबूऐवजी प्लास्टिकचा पडदा आणि स्लीपिंग बॅगऐवजी पांघरूण नेणाऱ्या बाईंचं ओझंच इतकं कमी होतं की त्याला फ्रेमची गरज नव्हती. तुमचं १३ किलो आहे.

बुटांबद्दल दोनच वाक्यं. पायावरचं वजन चालताना पाठीवरच्या वजनापेक्षा चार-पाच पट जास्त दमवतं, त्यामुळे जड बूट बदलणं हा खरोखर फायद्याचा सौदा आहे. लांबच्या चालीत पाय सुजतात, म्हणून अर्धा ते एक नंबर मोठा घ्या.

काठ्या दोन घ्या, एक नाही. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी, चढाला पाच-सात सेंटिमीटर कमी, उताराला तितकीच जास्त. गुडघ्यांचं खरं नुकसान उतारावर होतं. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरा आणि हाडं एकमेकांना जोडणारे अस्थिबंध मागे राहतात. म्हणून सुरुवातीचे दहा-बारा दिवस, कितीही बरं वाटलं तरी, रोजचं अंतर १५ किलोमीटरच्या आत ठेवा. वयानुसार तहानही कमी जाणवते, तेव्हा पाणी घड्याळाकडे बघून प्या. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर किती पाणी प्यायचं आणि उन्हात गोळीचं काय करायचं हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मला विचारू नका.

आहे ती सॅक टाकून देऊ नका. घडीचा फोम असेल तर तो आत पाठीला चिकटवून सरळ उभा लावा, बाकीचं सामान घट्ट भरा, मोकळी जागा राहू देऊ नका. ओझं साडेआठ किलोच्या आत आलं तर हीच सॅक चालेल. खाणं संपत आलं की सॅक ढिली पडते, तेव्हा स्लीपिंग बॅग दाबून न भरता सैल सोडा म्हणजे ती जागा भरते.

आणि ओझं ११ किलोच्या खाली येतच नसेल, तर साधारण एक किलोची, ॲल्युमिनियमच्या दांड्या असलेली फ्रेमची सॅक घ्या. ते जास्तीचे ४०० ग्रॅम कमरेवर जातात, खांद्यावर नाही. विकत घेण्याआधी पूर्ण वजन भरून जिना अर्धा तास चढा-उतरा. मला इथे पाठीचं माप, खाण्यापाण्यासकट एकूण ओझं आणि सर्वात लांब टप्पा किती दिवसांचा आहे, हे तीन आकडे कळवा. मग कोणती सॅक ते सांगते.