‘खरी उपासना’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आला आहे: पुण्यात रविवारी सकाळी ख्रिस्ती शेजारी ‘उपासनेला जातो’ म्हणतात, कुणी ‘आराधना’ म्हणतं, कुणी ‘भक्ती’. यांत फरक काय? आणि त्यांच्या बोलण्यात ‘खरी उपासना’ येतं, ते ‘मनापासून केलेली प्रार्थना’ याच अर्थानं का?

पहिला भाग सोपा आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये रविवारच्या सामुदायिक कार्यक्रमाला ‘उपासना’ म्हणतात. ती ‘चालवतात’: पाळक (मंडळीचे धर्मगुरू) उपासना चालवतात, संदेश म्हणजे प्रवचन देतात. त्यांच्या मराठी गीतसंग्रहाचं नावच ‘उपासनासंगीत’, ना. वा. टिळकांची बरीच गीतं त्यात आहेत. कॅथलिक माणूस ‘मिस्साला जातो’ म्हणेल, मिस्सा म्हणजे त्यांचा मुख्य उपासनाविधी. त्याच्या तोंडी ‘आराधना’ आली तर बहुधा पवित्र साक्रामेंतासमोर (मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीसमोर) केलेली आराधना अभिप्रेत असते. संतांना तो मान देतो, आराधना मात्र फक्त देवाची. अलीकडच्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत ‘स्तुती आणि आराधना’ म्हणजे संदेशाआधीचा गाण्यांचा भाग. ‘भक्ती’ सगळीकडे चालते, घरगुती प्रार्थनेलाही. ‘पूजा’ हा शब्द मात्र ख्रिस्ती मराठीत स्वतःच्या उपासनेसाठी सहसा येत नाही. बायबलच्या भाषांतरात तो ‘मूर्तिपूजा’ या जोडशब्दात अडकला, तिथेच राहिला. आणि ‘उपासना’ ऐकून ‘उपास’ समजू नये, दोन्हींत ‘उप’ असला तरी.

दुसरा भाग खरा महत्त्वाचा. ‘खरी उपासना’ हा प्रयोग योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातून आलेला आहे. याकोबाच्या विहिरीवर एक शोमरोनी (यहुद्यांपासून वेगळ्या पडलेल्या समाजातली) स्त्री येशूला विचारते, की आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करत आणि तुम्ही म्हणता यरुशलेमेतच करावी, मग बरोबर कुठलं? तिचा प्रश्न जागेचा आहे. उत्तर मिळतं ते रीतीचं: खरे उपासक ‘आत्म्याने व खरेपणाने’ पित्याची उपासना करतील.

इथला ‘खरेपणा’ म्हणजे भावनेची तीव्रता नव्हे. मूळ ग्रीक शब्द ‘अलेथेइया’. त्याची फोड ‘झाकलेलं नसणं’ अशी करतात. फोड बाजूला ठेवली तरी अध्याय स्वतःच अर्थ सांगतो. थोडं आधी येशू तिला नवऱ्याला बोलवायला सांगतो. ती म्हणते, मला पती नाही. तो म्हणतो, तुला पाच पती झाले आणि आता आहे तो तुझा पती नाही. ‘हे तू खरे सांगितलेस’. या ‘खरे’साठी ग्रीकमध्ये ‘अलेथेस’ आहे, म्हणजे त्याच कुळातला शब्द. उपासनेतल्या खरेपणाची चर्चा सुरू होण्याआधी तिच्या आयुष्यातली एक झाकलेली गोष्ट उघडी पडली आहे. माझ्या मते अध्यायाचा कणा हाच. मराठीत वाचताना दोन्हीकडे ‘खर’ हेच मूळ दिसतं, हे आपल्या भाषांतराचं मोठं यश आहे.

‘उपासना’साठी तिथे ‘प्रोस्क्युनेओ’ हे क्रियापद आहे. मूळ अर्थ जमिनीपर्यंत वाकणं, दंडवत घालणं. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे मागी म्हणजे ज्ञानी लोक बाळ येशूसमोर जे करतात तेही हेच, पण तिथे मराठीत ‘पाया पडून नमन केले’ असं आलं. दोन्ही भाषांतरं योग्य आहेत. ‘उपासना’ (उप + आस्, जवळ बसणं) या शब्दात जवळीक आहे, पण वाकण्याची क्रिया निसटते, हे ध्यानात ठेवावं. दुसरा शब्द ‘लात्रेइया’. रोमकरांस पत्रात, बाराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, प्रेषित पौल सांगतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, आणि याला तो ‘लात्रेइया’ म्हणतो. इंग्रजीत काही ठिकाणी इथे ‘वर्शिप’ येतं. मराठीत ‘सेवा’ आहे. त्यामुळे मराठी वाचकाच्या डोक्यात उपासना रविवारची आणि सेवा बाकीच्या दिवसांची अशी वाटणी होते. पौलाच्या मनात ती नाही. शरीर म्हणजे हात, जीभ, कामाचे तास, पैसा.

उलट बाजूला शब्द आहे ‘ढोंगी’. ग्रीक ‘हिपोक्रितेस’ म्हणजे रंगमंचावरचा नट. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात यशया संदेष्ट्याचं वचन घेऊन येशू म्हणतो, हे लोक ओठांनी सन्मान करतात, अंतःकरण दूर आहे, म्हणून उपासना व्यर्थ. गाणं बेसूर होतं, विधी चुकला, अशी तक्रार तिथे नाही. आमोस संदेष्टा तर आणखी पुढे जातो: गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या.

म्हणून उपासनेच्या क्रमात हा खरेपणा कुठे तपासला जातो ते पाहावं. पापांगीकार म्हणजे पापांची कबुली, ती बऱ्याचदा सुरुवातीलाच असते. ती घाईत, पाठ म्हटल्यासारखी उरकली की पुढचं स्तुतिगान पोकळ होतं. दानार्पणाबद्दल मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली सूचना अगदी व्यवहारी आहे: वेदीपाशी आल्यावर भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. तक्रार त्याची आहे, तुझी नाही, तरी पाऊल तू उचलायचंस. बऱ्याच प्रोटेस्टंट विधींत एकमेकांना शांती देणं दानार्पणाच्या आधी येतं ते याच वचनाला धरून. रोमन कॅथलिक मिस्सात ते प्रभूच्या प्रार्थनेनंतर, कम्युनियनच्या (प्रभुभोजनाच्या) आधी येतं. ज्याच्याशी अबोला आहे त्याला टाळून शेजारच्याशीच हात मिळवले की त्या कृतीचा हेतूच निघून जातो. प्रभुभोजनाआधीच्या आत्मपरीक्षणाचंही तेच. करिंथ शहरातल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण भरपेट खाऊन-पिऊन धुंद होते आणि काही उपाशी, त्या प्रसंगावरून पौलाने ते सांगितलं. तिथली परीक्षा ‘मी भक्तीत रंगलो का’ ही नव्हती. भाकरी शेजाऱ्यापर्यंत पोचली का, ही होती.

डोळ्यांत पाणी येणं, टाळ्या, उंचावलेले हात हे सगळं खऱ्या उपासनेत येऊ शकतं. पुण्यातल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयातल्या शांत विधीतही खरेपणा असू शकतो आणि ढोलकी-टाळांवर गायलेल्या भजनातही. दोन्हींत तो नसूही शकतो.

लिहिताना शब्द निवडायचा तर ‘प्रामाणिक उपासना’ टाळा. मराठीत ‘प्रामाणिक’ला व्यवहाराचा, हिशेबाचा वास आहे. गाण्यात किंवा प्रार्थनेत ‘मनोभावे’ छान बसतो, पण तो फक्त भाव सांगतो. वचनाशी नातं ठेवायचं असेल तर ‘खरेपणाने केलेली उपासना’ असंच लिहा. ढोंगाचा अभाव ठसवायचा असेल तर ‘निष्कपट’. आणि पत्रिकेवर आभाराच्या कार्यक्रमासाठी ‘उपकारस्तुतीची उपासना’ हा रुळलेला प्रयोग आहे, तो तसाच ठेवावा.