कमान आखूड नाही, कापू नका

प्रश्न : मी सांगलीच्या गावभागात राहते. २०१९च्या पुरात आमची ट्रंक पाण्याखाली गेली होती, त्यातून आईच्या दोन सुती साड्या तेवढ्या हाती लागल्या. त्यांची वाकळ शिवायला घेतली आहे. नुसते चौकोन न जोडता गोलाईची चौकट करायची आहे. एका कोपऱ्यात साडीचा पाव गोल, चार इंचांचा, आणि बाकी पांढरं. शिवून सहा इंचांची चौकट. पण पाव गोलाच्या कडेला पांढऱ्या तुकड्याची कड लावली की ती आखूड पडते. म्हणून पांढरं आतून अर्धा इंच आणखी कापलं. कडा जुळल्या, पण शिवल्यावर पांढऱ्याला चुण्या आल्या आणि चौकट दोन बाजूंनी अर्धा इंच कमी भरली. चार चौकटी अशा झाल्या. साडी फार उरलेली नाही. कुठं चुकतंय?

उत्तर : ताई, आधी कात्री बाजूला ठेवा. तुमची पहिली कापणी बरोबर होती.

पाव गोलाला आपण चतकोर म्हणू आणि पांढऱ्याला कमान. शिलाई कडेवर पडत नाही, दोन सूत म्हणजे पाव इंच आत पडते. त्या शिलाईच्या रेषेवर दोन्ही तुकडे चार इंचांच्या (मध्यापासून कडेपर्यंत चार इंच) गोलाचेच आहेत, लांबी ६.२८ इंच, दोघांचीही. पण चतकोराची माया, म्हणजे शिलाईसाठी कडेला जास्त सोडलेलं कापड, त्या रेषेच्या बाहेर जाते, सव्वाचार इंचांच्या गोलावर, म्हणून त्याची कड ६.६८ इंच भरते. कमानीची माया आत येते, पावणेचार इंचांच्या गोलावर, म्हणून तिची कड ५.८९ इंच. पाऊण इंचाहून जास्त फरक झाला, आणि तो असायलाच हवा. तुम्ही अर्धा इंच कापून कडा सारख्या केल्यात, तिथं शिलाईची रेषा साडेचार इंचांच्या गोलावर सरकली. वाढलेलं कापड चुण्यांत गेलं आणि कमानीच्या दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा इंच गेला.

मी साताऱ्यात चाळीस वर्षं ब्लाउज शिवते आणि शिकवते. बाही मुंढ्याला, म्हणजे ब्लाउजच्या खांद्याकडच्या गोल कापाला, लावताना नव्या मुली हेच करतात. बाहीची कड मुंढ्याच्या कडेशी मोजतात, मोठी वाटली की मुंढा खोल कापतात. त्यांना मी कडेला हातच लावू देत नाही. दोन सूत आत खडूनं रेघ मारायची आणि टेप त्या रेघेवर उभी धरून फिरवायची. तुम्हीही एकदा तसं मोजून बघा, मनातली शंका जाईल.

बिघडलेल्या चार चौकटी उसवा. आईच्या साडीचे चतकोर तसेच शाबूत आहेत, त्यांना नवीन पांढऱ्या कमानी कापा. जुन्या कमानीही टाकू नका. त्यांना मोठा चतकोर बसतो : सरळ बाजू पाच इंच, गोलाई पावणेपाच इंचांवर. तो दुसऱ्या कुठल्या कापडाचा घ्या.

पुठ्ठ्याचे साचे करून ठेवा, हातानं अंदाजे गोल काढू नका. चतकोरासाठी साडेचार इंचांचा चौकोन, कमानीसाठी साडेसहाचा. दोन्हींत एका कोपऱ्यापासून दोन-दोन सूत आत एक टिंब काढा. त्या टिंबावरून चतकोराला सव्वाचार आणि कमानीला पावणेचार इंचांचा गोल मारा. कंपास नसेल तर पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन भोकं पाडा. एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल. सरळ बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यात येऊ द्या.

साडीची मात्र काळजी घ्या. पुराचं पाणी लागलेलं सूत कुठं कुठं आतून विरलेलं असतं. उजेडाशी धरा, दोन्ही हातांनी हलकं ताणा. जिथं चर्र आवाज येईल तो भाग सोडून द्या, डाग असला तरी घट्ट असलेला भाग घ्या. कापण्याआधी तांदळाची पातळ खळ घालून इस्त्री करा. कागदासारखं कडक झालं की गोलाई ओढली जात नाही.

आता जोडणी. दोन्ही तुकडे गोलाईत दुमडून मध्यावर नखानं घडी पाडा. कमानीच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर एक सूत खोल कातरे द्या. चतकोराला देऊ नका. मधली घडी मधल्या घडीवर ठेवून टाचणी, मग दोन टोकं. टोकाला दोघांची सरळ कड तंतोतंत एक झाली पाहिजे, चौकट वाकडी होते ती बहुतेक इथंच. मध्ये एकेक टाचणी. या घडीला तुमच्या हातात एक वाकडीतिकडी, फुगलेली वाटी असेल. ती तशीच दिसते, घाबरू नका. पहिल्या दोन चौकटींना कच्चा दोरा घालून घ्या. कमान वर ठेवून बारीक टाक्यानं मशीन मारा. दोनेक इंचांवर थांबायचं, सुई कापडातच ठेवून पाय उचलायचा, पुढचं कापड बोटानं सपाट करायचं. ओढायचं नाही.

माया कमानीकडे वळवून इस्त्री करा. कातरे पंख्यासारखे उघडतात आणि चौकट सपाट बसते. चतकोराकडे वळवलीत तर जास्तीची कड गोळा होऊन गाठ लागते. इस्त्री घासू नका, दाबून उचला, कारण गोलाईच्या मधोमध कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, असतं आणि उरेब लगेच पसरतं.

अमेरिकेत या चौकटीला दारुड्याची वाट म्हणतात. चौकटी उलटसुलट फिरवून जोडल्या की झोकांड्या खाणारी वाट उमटते. मला विचाराल तर आईच्या साडीला चार चतकोर एकत्र आणून पूर्ण भाकरी करावी. आणि साडी हातात धरवत नाही इतकी विरली असेल, तर गोलाई जोडूच नका. आपल्या जुन्या बायका गोल ठिगळ वरून ठेवून, कड आत मुडपून बारीक टाक्यांनी बसवायच्या. त्यात खालचं कापड अखंड राहतं आणि साडीवर ताण येत नाही.

प्रश्न : वाकळेला खालून नवं मांजरपाट लावलं तर चालेल का? (कोरेगाव)

उत्तर : चालेल, पण रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच लावा. जुनी साडी आटायची तेवढी आटलेली असते. मांजरपाट पहिल्याच धुण्यात आटतं आणि वरचं सगळं काम सुरकुततं. गरम पाण्यातून काढलंत तर आणखी बरं.