मुंबईत राहून साध्या डीएसएलआरवर अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफी (आकाशातल्या गोष्टींचे फोटो काढणं) जमते का? दुर्बीण कोणती घ्यावी?

जमते. आणि दुर्बीण कुठलीच घेऊ नका, निदान पहिला हिवाळा जाईपर्यंत तरी.

तुम्ही लिहिलंय की जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आणि बरा ट्रायपॉड आहे, पण ओळखीतले म्हणतात, ‘मुंबईतून काय दिसणार? आधी दुर्बीण घे, मग लडाख गाठ.’ हेच वाक्य आमच्या धाकट्या भावजींच्या तोंडून मी इतकी वर्षं ऐकतेय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

भावजींकडे दुर्बीण आहे. ११४ मिलिमीटरचा आरसा, खोक्यावर ‘६७५ पट’ छापलेलं. तेवढ्या आरशाला २३० पटींच्या पुढे ताणलं की नुसता धूसरपणा मोठा होतो, पण ते सांगणार कोण? स्टँड इतका हलका की कॅमेरा अडकवला की मान टाकतो. मुळात आकाशातलं सगळं बारीक असतं आणि ते मोठं करून बघायचं असतं, हा समजच खोटा. देवयानी दीर्घिका आकाशात सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी लांब आहे. मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) चंद्राच्या दुप्पट रुंद. कृत्तिका तर भावजींच्या दुर्बिणीत एका वेळी मावतही नाहीत. ही मंडळी फिकी आहेत, त्यांना लागतो वेळ आणि उघडी लेन्स.

आम्ही घाटकोपरला राहतो. जानेवारीत सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागितली तर म्हणाले, ‘वहिनी, रात्री दहाला गच्चीवर कशाला?’ तोंडी सांगून काही उपयोग होईना. मग ‘खगोलशास्त्रीय निरीक्षणाकरिता’ असा भारदस्त अर्ज टाकला, तेव्हा किल्ली मिळाली. शेजारी रीडेव्हलपमेंटच्या टॉवरची क्रेन, तिच्यावर फ्लडलाइट. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ट्रायपॉड लावला. किट लेन्स बाजूला ठेवून ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) लावली होती (सेकंडहँड, आणि तुम्हाला पैसे घालायचेच असतील तर इथे घाला). ती एफ २.८ वर आणली, नाहीतर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. फोकस व्याधावर: लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र, दहा पट मोठा करायचा, तारा लहानात लहान होईपर्यंत रिंग केसभर फिरवायची आणि वर सेलोटेप लावून टाकायची. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, फाइल रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेली, चार सेकंदांचं एक्स्पोजर. ताऱ्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून जास्तीत जास्त किती सेकंद घ्यायचे, तर पाचशेला फोकल लेंग्थने (लेन्सच्या मिलिमीटरने) भागा हा नियम तुम्हाला माहीत असेलच, पण क्रॉप सेन्सरवर, म्हणजे साध्या डीएसएलआरमधल्या लहान सेन्सरवर, आधी फोकल लेंग्थला साधारण १.६ ने गुणावं लागतं. म्हणजे सव्वासहा सेकंद येतात, आणि तेही मला सैल वाटतात.

एकेका फ्रेममध्ये आकाश मळकट केशरी. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली मात्र चिमूटभर गुलाबी ठिपका, कडेने विरघळलेला. अशा शे-दीडशे फ्रेम डीपस्कायस्टॅकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या, ते फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करतं (यालाच स्टॅकिंग म्हणतात). शंभर फ्रेमची सरासरी काढली की नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) दहावा हिस्सा उरतो, आणि मग तो ठिपका पंख उघडतो. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भावजींचं उत्तर आलं: ‘वहिनी, नेटवरून छान शोधलात.’

पुढच्या रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊनच गेले. एकेक फ्रेम दाखवली. आमच्या डोक्यावरून विमानं उतरायला जातात, त्यामुळे मधूनच एखाद्या फ्रेमवर दिव्यांची आडवी रेघ. भावजींनी तेवढंच पकडलं: ‘शेवटच्या फोटोत विमान कुठाय? म्हणजे पुसलंत. म्हणजे खोटा.’ अहो, त्या सॉफ्टवेअरमध्ये कप्पा-सिग्मा नावाचा पर्याय आहे, तो फक्त एवढंच विचारतो की हा उजेड बाकीच्या फ्रेममध्येही आहे का? विमान एकाच फ्रेममध्ये, म्हणून गेलं. तेजोमेघ प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणून राहिला. आणि नेटवरून उचलला असता तर तो लालभडक असता. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून माझा गुलाबी आला. भावजी म्हणाले, ‘भाजी वाढा.’ तो वाद तिथेच लटकलाय. स्टॅकिंगला फसवणूक म्हणणाऱ्यांनी आधी रॉ फाइल मागावी आणि मग बोलावं.

हां, तुमची किट लेन्स. १८ मिलिमीटरवर सतरा सेकंद मिळतात खरे, पण मुंबईत तेवढ्यात आकाश पांढरं पडतं, तेव्हा पाच-सहा सेकंदांच्याच भरपूर फ्रेम घ्या. अख्खा मृग आणि रोहिणी एका चौकटीत छान येतात. फ्लॅट फ्रेम, म्हणजे कडांचा अंधार काढून टाकायला लागणारे सपाट उजेडाचे फोटो, टाळू नका. लेन्सवर पांढरा बनियन सुरकुती न पाडता ताणायचा आणि सकाळच्या आभाळाकडे तोंड करून फोटो काढायचे. नाहीतर शहराच्या उजेडामुळे कडांचा काळा घेर असा उठून येतो की तेजोमेघ बाजूलाच राहतो. लाइट पोल्युशन फिल्टर विकत घेऊ नका. ते पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी ठीक होते. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो गाळायचा कशातून?

आता जे मुंबईतून होत नाही तेही सांगते. आकाशगंगेचा पट्टा विसरा. त्यासाठी कर्जतची गाडी पकडून वांगणीच्या पुढेच जायला हवं. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेमुळे वांगणी हौशी लोकांना माहीत आहे, पण आता उजेड तिथेही पोचलाय. ग्रहांना मात्र दुर्बीण लागते, इथे भावजींना अर्धा गुण. गुरूचे पट्टे किंवा शनीची कडी ५० मिलिमीटरवर येणार नाहीत. गंमत म्हणजे त्यांना शहराचा उजेड बाधत नाही, हवा स्थिर असली की झालं. म्हणजे भावजींनी ती दुर्बीण माळ्यावर न ठेवता खिडकीबाहेर काढली असती तरी चाललं असतं. चंद्राला आयएसओ १००, एफ ८, सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग इथून सुरुवात करा. सूर्याकडे मात्र खास सौर फिल्टर लेन्सच्या पुढे लावल्याशिवाय कॅमेरा वळवू नका.

जून ते सप्टेंबर काही होणार नाही. तेवढ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून ती सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, सिरिल (हेही स्टॅकिंगचंच सॉफ्टवेअर) नाहीतर डीपस्कायस्टॅकर फुकट आहे ते शिकून घ्या, आणि गच्चीचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा. कमिटीची मीटिंग कधी होते ते तुम्हालाही माहीत आहे.