सासरच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) घराण्याचे जुने कागद अर्काइव्हला (जुने दस्तऐवज जपणाऱ्या संस्थेला) द्यायचे आहेत. त्याआधी घरी काय करावं आणि काय टाळावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेलं असं: फिलाडेल्फियाजवळ सासूबाईंच्या घरी माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यात १७३०च्या दशकापासूनची पत्रं, रोजनिशा, चर्मपत्रावरचा लग्नाचा दाखला, घरातल्या कुणी १९२०च्या सुमारास मांडलेल्या वंशावळी, फोटो आणि चामड्याच्या बांधणीची एक जाड वही आहे. हे सगळं तारखेप्रमाणे लावून, लॅमिनेट करून अर्काइव्हला द्यावं का, असं तुम्ही विचारताय.

तारखेप्रमाणे लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते सुरक्षितपणे काढता येत नाही आणि उष्णतेने कागद आतल्या आत खराब होतो. आधी फक्त ट्रंक माळ्यावरून खाली आणा. पेनसिल्व्हेनियात माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, हिवाळ्यात गोठतो, आणि तळघरात दमट हवा असते. घरातल्या मधल्या मजल्यावरचं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट सगळ्यांत बरं. १८ ते २१ अंश सेल्सियस तापमान आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता राहिली तर उत्तम. आकडा अगदी नेमका साधला नाही तरी चालेल, पण तो सारखा वरखाली होता कामा नये. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते.

आता क्रमाबद्दल. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असत आणि कोणता कागद कोणत्या रुमालात निघाला यालाही अर्थ असे, हे आपल्याला माहीत आहे. या ट्रंकेचंही तसंच आहे. फितीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून एकत्र ठेवलेली पत्रं. तो सोडून तारखेप्रमाणे पसरला की कोणी कोणाची पत्रं जपली ही माहिती कायमची जाते, आणि पत्रावर पूर्ण नाव नसेल तर माणूस ओळखायचा एकमेव धागाही जातो. म्हणून प्रत्येक थराचा, प्रत्येक गठ्ठ्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि गठ्ठे जसे आहेत तसेच, एकेका फोल्डरमध्ये ठेवा. अर्काइव्हिस्टला फोन करायची वेळही हीच, आवराआवर झाल्यावर नव्हे. अनेकदा ते ट्रंक आहे तशी पाहणं पसंत करतात.

ती जाड वही वेगळी काढून नीट पाहा. क्वेकरांचा कारभार मासिक सभांतून चालतो. मासिक सभा म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, आणि अशा अनेक सभा मिळून एका प्रदेशाची वार्षिक सभा होते. सभेचा क्लार्क आणि नोंदी ठेवणारा रेकॉर्डर वह्या आपल्या घरीच ठेवत, त्यामुळे सभेची इतिवृत्तं आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या पुष्कळदा कुटुंबाच्या ट्रंकेत राहून गेल्या. वहीत एकाच घराण्याची नव्हे तर अनेक घराण्यांची नावं, लग्नाच्या इराद्यांची नोंद, स्थलांतराची (एका सभेतून दुसऱ्या सभेत जाताना दिलेली) प्रमाणपत्रं असं काही दिसलं तर ती वही त्या सभेची आहे, कुटुंबाची नाही. ती दान करण्याचा किंवा विकण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, ती परत द्यायची असते. स्त्रियांच्या सभेची इतिवृत्तं वेगळी लिहिली जात आणि तीच जास्त हरवली आहेत, त्यामुळे तशी वही निघाली तर फारच मोलाची.

फिलाडेल्फिया वार्षिक सभेच्या नोंदींसाठी दोन अधिकृत ठिकाणं आहेत: स्वार्थमोर कॉलेजमधली फ्रेंड्स (म्हणजे क्वेकरच) हिस्टॉरिकल लायब्ररी (स्थापना १८७१) आणि हॅव्हरफर्ड कॉलेजचा क्वेकर संग्रह. दोन का, तर १८२७मध्ये इथले क्वेकर हिक्साइट आणि ऑर्थोडॉक्स असे फुटले आणि १९५५मध्ये पुन्हा एक झाले. हॅव्हरफर्ड ऑर्थोडॉक्स पक्षाने काढलं, स्वार्थमोर हिक्साइटांनी, आणि कागदही ढोबळमानाने तसेच वाटले गेले. तेव्हा तुमचं सासरचं घराणं १८२७नंतर कोणत्या बाजूला होतं हे आधी शोधा. दोन्ही संस्था एकमेकींना ओळखून आहेत, चुकीच्या दारात गेलात तरी योग्य दाराकडे पाठवतील.

सगळ्यांत जास्त चुका तारखांत होतात, आणि त्या चुका वंशावळीत शिरल्या की पिढ्यानपिढ्या नक्कल होत राहतात. क्वेकर महिन्यांची नावं वापरत नसत, कारण त्यांतली बरीच रोमन देवतांवरून आली आहेत. ते पहिला महिना, दुसरा महिना असं लिहीत. १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत वर्ष मार्चमध्ये बदलत असे, म्हणून पहिला महिना मार्च. १७५२पासून पहिला महिना जानेवारी. म्हणजे १७३८च्या पत्रावर ‘तिसरा महिना’ असेल तर तो मे, आणि १७६०च्या पत्रावर असेल तर मार्च. लक्षात ठेवायला आपल्याला सोपं आहे: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सप्त, अष्ट, नव, दश हेच आकडे दडलेत, आणि जुन्या मोजणीत ते खरोखरच सातवा ते दहावा महिना होते. जानेवारी आणि फेब्रुवारीत आणखी एक मेख आहे. ‘११वा महिना १७३१’ म्हणजे आपल्या हिशेबाने जानेवारी १७३२, आणि तो १७३१/३२ असा दुहेरी लिहायचा. त्याच वर्षीच्या ‘दुसऱ्या महिन्यात’ (एप्रिलमध्ये) लग्न आणि ‘अकराव्या महिन्यात’ मूल अशी नोंद असेल तर मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनी झालं आहे. अकरावा महिना नोव्हेंबर समजणाऱ्याला ते सातव्या महिन्यात झालेलं दिसतं, आणि वर्ष तसंच ठेवून जानेवारी १७३१ लिहिणाऱ्याला लग्नाआधीच.

म्हणून फोल्डरवर मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा आणि उलगडलेली तारीख पुढे चौकटी कंसात द्या. १७५२च्या सप्टेंबरमध्ये कॅलेंडर बदलताना गाळलेले ११ दिवस जुन्या तारखांत मिळवू नका. १९२०च्या त्या वंशावळीतल्या १७५२पूर्वीच्या तारखा बदललेल्या आहेत की मूळ आहेत, हे ती लिहिताना वापरलेल्या टिपणांवरूनच कळेल. तेव्हा वंशावळीचे कच्चे कागद, चिठ्ठ्या, उत्तरादाखल आलेली पत्रं हे सगळं तिच्याबरोबरच राहू द्या. आपल्याकडे कुलवृत्तांत छापला की कच्ची टिपणं फेकली जातात, ते इथे होऊ नये.

पडताळणीसाठी विल्यम वेड हिन्शॉ यांचा १९३६पासून निघालेला अमेरिकन क्वेकर वंशावळींचा कोश उपयोगी आहे. दुसऱ्या खंडात फिलाडेल्फियासह पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या चार सभा आहेत. पण तो सारांश आहे, मूळ इतिवृत्त नव्हे. त्यात एखाद्याला सभेतून ‘काढलं’ असं दिसलं की घराणं तिथे संपलं असं समजू नका. क्वेकर नसलेल्याशी लग्न करणं हे सदस्यत्व जाण्याचं अगदी नेहमीचं कारण होतं. चूक कबूल करणारा कागद सभेला दिला की परत घेतही असत, आणि अशा कागदाची घरची प्रत ट्रंकेत निघू शकते.

पत्रं वाचताना आणखी एक गोष्ट. क्वेकर सगळ्यांना एकवचनी ‘तू’च म्हणत, आईवडिलांना आणि न्यायाधीशालाही. त्यावरून नात्यातली जवळीक ठरवू नका.

लग्नाचा दाखला हा ट्रंकेतला सगळ्यांत नाजूक आणि माहितीने सगळ्यांत भरलेला कागद. क्वेकर लग्नात पुरोहित नसतो. वधूवर सभेसमोर स्वतः वचन देतात आणि हजर असलेले सगळे साक्षीदार म्हणून सही करतात. नातेवाईक बहुधा उजवीकडच्या रांगेत, वधूवरांच्या सह्यांखाली असतात. बाप्तिस्मा नाही, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदी नाहीत, आणि बराच काळ कबरीवर दगडही नसत. म्हणून ही सह्यांची यादी पूर्ण उतरवून घ्या. तिची नक्कल सभेच्या नोंदवहीतही असते, अंधुक नावं तिथून जुळवता येतात.

चर्मपत्र म्हणजे चुन्यात भिजवून, ताणून वाळवलेलं कातडं. पाणी आणि उष्णता लागली की ते आक्रसतं. इस्त्री, वाफ, ओला टॉवेल यांतलं काही करू नका. घडी सहज उलगडत असेल तर मोठ्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा, नसेल तर घडीसकट द्या. जबरदस्तीने उघडलं तर शाईचे पापुद्रे सुटतात. पत्रांवरची तपकिरी शाई मायफळ आणि हिराकस यांची. तिच्यातलं आम्ल आणि लोह कागद आतून खातं, म्हणून जाड अक्षरांच्या जागी कधीकधी भोकं दिसतात. अशा कागदाला ओलावा लावला तर लोह आजूबाजूला पसरतं आणि निरोगी कागदही जळू लागतो. घरी काही दुरुस्ती करायची नाही, फक्त आधाराला खाली एक कोरा आम्लरहित कागद ठेवायचा.

गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा ओढून काढल्या की कागद फाटतो. क्लिपेखाली दोन्ही बाजूंनी पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवा, मग क्लिप पट्टीवर सैल करा. सुटलेली पानं एकत्र राहावीत म्हणून आम्लरहित कागदाच्या दुमडीत ठेवा. चिकटपट्टी कोणतीही नको, जुनी लागलेली असेल तर तीही सोलू नका. वर्तमानपत्राची कात्रणं बाकी कागदांपासून वेगळ्या दुमडीत ठेवा, त्यांचं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी छाप उठवतं.

फोल्डर आम्लरहित आणि लिग्निनरहित (लाकडातलं, कागद पिवळा करणारं द्रव्य नसलेला) हवा, एका फोल्डरमध्ये दहा-पंधरा पानांहून जास्त नको. पेटी इतकीच भरा की फोल्डर उभे राहतील. सैल पेटीत ते वाकतात, गच्च पेटीत बाहेर काढताना फाटतात. फोल्डरवर पेटीत घालण्यापूर्वीच लिहा, आणि पेन्सिलनेच. पीव्हीसीचे पारदर्शक कव्हर वापरू नका, पॉलिएस्टरचे चालतात, पण पेन्सिलने किंवा खडूने काढलेल्या चित्रांसाठी नाहीत, कारण त्यांची स्थिर वीज कण ओढून घेते. कागदाला सुती हातमोजे नकोत, त्यांनी कडा अडकून फाटतात. हात धुऊन कोरडे करा. फोटोंना मात्र नायट्राइलचे मोजे घाला. सायनोटाइप (जुन्या पद्धतीचे निळ्या रंगाचे फोटो) असतील तर त्यांना अल्कलीयुक्त ‘बफर्ड’ फोल्डर नको, निळा रंग फिका पडतो.

बुरशी दिसली तर तो गठ्ठा लगेच वेगळा करा, कोरडा होऊ द्या, एन-९५ मास्क लावा आणि घरात झटकू नका. अर्काइव्हला फोनवरच हे सांगा, लपवलंत तर त्यांच्या सगळ्या संग्रहाला धोका.

स्कॅन करायचं तर पत्रांना ४०० आणि फोटोंना ६०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल), रंगीत, टिफ फाइल. कागद आपोआप आत ओढणारा स्कॅनर नको. रोजनिशी पूर्ण सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवून वरून फोटो काढा. फाइलच्या नावात फोल्डरचा क्रमांक घाला, नाहीतर हजार चित्रांतलं कुठलं पान कुठल्या गठ्ठ्यातलं हे कळणार नाही.

शेवटी अर्काइव्ह तुमच्याकडून बक्षीसपत्र लिहून घेईल. सही सासूबाईंची हवी आणि भावंडांचा वाटा असेल तर त्यांचीही. तीन कलमं वाचल्याशिवाय सही करू नका. संग्रहात न घेतलेले कागद तुम्हाला परत मिळणार की नष्ट होणार? कॉपीराइटचं काय? पत्र तुमच्या ट्रंकेत असलं तरी कॉपीराइट लिहिणाऱ्याच्या वारसांचा असतो. अमेरिकेत अप्रकाशित लिखाणाला तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. तेव्हा तुमच्या घराण्याचा जेवढा आहे तेवढाच तुम्ही देऊ शकता. आणि एखादा कागद खाजगी ठेवायचा असेल तर ठरावीक वर्षांची मुदत लिहा, ‘कायमचा बंद’ ही अट अर्काइव्ह सहसा स्वीकारत नाहीत. करसवलत घ्यायची आणि किंमत ५,००० डॉलरच्या वर जात असेल तर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. तो अर्काइव्ह देऊ शकत नाही, कारण दान घेणाऱ्याने किंमत ठरवलेली चालत नाही.

कागद पोचल्यावर मिळणारा संग्रह-क्रमांक वंशावळीच्या घरच्या प्रतीवर पेन्सिलने लिहून ठेवा.