केसांभोवतीची पांढरी कड

प्रश्न : फोटोशॉपमध्ये माणूस कापून दुसऱ्या फोटोवर बसवला की केसांभोवती पांढरी कड राहते. ती कशी घालवायची?

उत्तर : कडेच्या पिक्सेलमध्ये मागच्या पांढऱ्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो, गडद पार्श्वभूमीवर तो उघडा पडतो. इरेजर नकोच, पुसलेलं पुढे परत आणणं कठीण. सिलेक्शन करून ‘सिलेक्ट अँड मास्क’ उघडा. ‘रिफाइन एज’ ब्रश फक्त केसांवरून फिरवा. कॉलरवर फिरवलात तर कड कुरतडल्यासारखी होते. ‘शिफ्ट एज’ (कड आत-बाहेर सरकवणं) उणे 10 ते 20 टक्के, ‘फेदर’ (कड मऊ करणं) अर्धा पिक्सेल पुरे. ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ (कडेत मिसळलेला रंग काढणारा पर्याय) चालू करून आउटपुट लेअर मास्कसह, म्हणजे चित्र न पुसता नको तो भाग झाकणाऱ्या मास्कसह, नव्या लेअरवर (थरावर) घ्या. एखादी बट गेलीच तर मास्कवर पांढरा ब्रश फिरवा. उजेडाची दिशा मात्र दोन्ही फोटोंत एकच हवी, नाहीतर कापणी कितीही सफाईदार असो, माणूस चिकटवलेलाच दिसतो.