पहिल्याच रेसमध्ये मध्ये मध्ये चाललं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या ग्रुपने १० किमीला तुमचंही नाव टाकलंय, हातात दोन महिने आहेत, आधी कधी पळाला नाहीत, तर बूट कुठले घेऊ आणि दमले तर मध्ये चाललं तर चालतं का.

चालतं. एका शब्दात उत्तर झालं खरं, पण याच एका प्रश्नावरून आमच्या घरात गेली सहा वर्षं धुसफूस चालू आहे म्हणून लिहितेय.

मी साताऱ्याची. आमच्याकडे २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, गावातून समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर वळायचं आणि आल्या वाटेने खाली, एकूण २१ किमी. पहिली रेस म्हणून हा असला शहाणपणा कुणी करू नये. मी केला, कारण माझे धाकटे दीर दरवर्षी पळतात आणि एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाले, वहिनी, तुम्हाला नाही झेपायचं. मी तेव्हा ४३ वर्षांची होते. त्याच रात्री नाव दिलं.

रेसच्या दिवशी पहाटे ग्राउंडवर सगळीकडे व्होलिनीचा वास, लेडीज टॉयलेटला ही लाईन, आणि माझी बिबची, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाची, एक पिन हरवलेली, म्हणून एक कोपरा शेवटपर्यंत फडफडत होता. सुरुवात झाल्यावर गर्दीतून प्रत्यक्ष रेषेपर्यंत यायलाच मला पाच-सहा मिनिटं लागली. तुम्हीही घाबरू नका, बहुतेक रेसमध्ये बिबच्या मागे वेळ मोजायची चिप असते, तुमची वेळ रेषेवरच्या मॅटवर पाय पडल्यापासून धरतात. गावात ढोल-ताशा, लोक टाळ्या वाजवतायत, त्या नादात मी पहिले तीन किमी अशी सुटले की समर्थ मंदिरापाशी तोंडाला फेस. घाट तर अजून लागायचाच होता.

घाटात भुरभुर पाऊस, धुकं, पुढचं वळण दिसत नाही. एक सत्तरीचे काका हात मागे बांधून झपाझप चालत माझ्या बरोबरीला आले, मला धापा टाकताना बघून म्हणाले, "बोलता येतंय का? नाय ना? मग चाला की. बोलता यायला लागलं की पळा." बस्स. अख्खा घाट मी तसाच काढला, दोनशे पावलं चालायचं, शंभर पळायचं, आणि जे मला गावात मागे टाकून गेले होते त्यातले बरेच जण वर कठड्याला टेकून पोटऱ्या चोळताना दिसले.

३ तास ४ मिनिटं लागली. दीर २ तास ३१ मिनिटांत आले होते, म्हणजे माझ्यापेक्षा ३३ मिनिटं आधी, ते मी कधीच नाकारलं नाही. पण माझं मेडल शोकेसमध्ये लागल्यापासून गणपतीला कुणी पाहुणे आले आणि त्यांची नजर तिकडे गेली की दीर हसून सांगणार, "वहिनी पळाल्या नाहीत हो, चालून आल्या." दरवर्षी! अहो भाऊजी, चिपला काय कळतंय पाय कसे टाकले ते? १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला १०,००० मीटर पळालेला जेफ गॅलोवे, त्याने हजारो नवख्यांना पळा-चाला-पळा हेच शिकवलं, तेही दमल्यावर नाही, पहिल्यापासून ठरवून चालायचं. तो काय चालून आलेला म्हणायचा का?

तर तुम्हीही ठरवूनच चाला. पार दमल्यावर चालायला लागलात तर पुन्हा पळणं होत नाही. नुसतं ताशी ६ च्या वेगाने चाललात तरी १० किमी १ तास ४० मिनिटांत होतात, त्यामुळे ऑफिसवाल्यांचं टेन्शन घेऊ नका.

बुटांचं म्हणाल तर ब्रँड मला विचारू नका, फक्त अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. घाट उतरताना माझा अंगठा बुटात पुढे आपटून आपटून नख काळं पडलं, महिन्याभराने निघून आलं. आणि जे काय घ्याल त्यात आधी ५०-६० किमी काढा.

हां, चालायचं असेल तर रस्त्याच्या कडेला चाला, मधोमध एकदम थांबू नका, मागचा अंगावर येतो. कटऑफ, म्हणजे रेस किती वेळात संपवायलाच हवी ती मर्यादा, किती आहे तेही बघून ठेवा, सगळीकडे सारखा नसतो. बीपी-शुगर असेल किंवा छातीत कधी दुखलं असेल तर आधी डॉक्टर, हे मी खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. रेसच्या आधी पेनकिलर घेऊ नका, कुणी कितीही सांगू दे.

दोन महिने पुरतील का ते राहिलंच. रोज अर्धा-पाऊण तास चालायची सवय असेल तर पुरतात. नसेल तर ५ किमीला नाव बदलून मिळतं का ते आयोजकांना आजच विचारा.