सगळ्यांना घेऊन जायचंय, पण जीव आधीच दमलाय

घरात एकदा "सगळे मिळून कुठेतरी जाऊ या" असं ठरलं की त्या घरातली एखादी बाई काही दिवसांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊन बसते. प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो: आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळा गोतावळा न्यायचा, कुणी रुसायला नको, आणि आपणही दोन घटका निवांत बसायला हवं, हे जमवायचं कसं? असा प्रश्न घेऊन आलेल्या एका थोरल्या सुनेबद्दल आज त्यांच्या परवानगीने लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात लहानथोर सगळे त्यांना वहिनी म्हणतात, तेच इथेही म्हणते.

कुटुंब 14 जणांचं. वहिनी, त्यांचे यजमान, दोन मुलं आणि सासू-सासरे पुण्यात, धाकटे दीर सहकुटुंब ठाण्यात, नणंद नाशिकला. सासऱ्यांना 75 पूर्ण झाल्याचं निमित्त होतं. सगळ्यांना त्यातल्या त्यात सोयीचं म्हणून खोपोलीचं इमॅजिका ठरलं. 2013 साली थीम पार्क सुरू झालं, मग शेजारी वॉटर पार्कही झालं. म्हणून एक दिवस इथे, एक दिवस तिथे, असा दोन दिवसांचा बेत.

वहिनींनी पर्समधून शंभरपानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. डाव्या पानावर वेळा: गेट कधी उघडतं, कुठली राईड आधी, जेवण कुठे. उजव्या पानावर माणसं, प्रत्येक नावापुढे एकेक ओळ. सासऱ्यांपुढे "गुडघे, बाक बघणे". सासूबाईंपुढे "बसून राहतील, सोबत कोण?" नणंदेपुढे "बोलून दाखवेल". दिरांपुढे नुसतं प्रश्नचिन्ह. रात्री झोप लागत नाही, डोकं दुखतं, आणि सहलीला अजून महिना आहे, असं त्या सांगत होत्या.

वही सुरेख होती, हे मी मनापासून म्हणाले. इतकी काळजी घेणारं माणूस घरात असणं ही त्या घराची पुण्याई असते. मग उजव्या पानावरच्या एकेका ओळीवर बोट ठेवून मी एकच विचारत गेले: "हे त्यांनी सांगितलं, की तुम्ही ओळखलंत?" सासरे? ओळखलं. सासूबाई? "अहो मॅडम, त्या कशाला सांगतील!" नणंद? मागच्या वेळी बोलली होती, म्हणून. पान संपलं तेव्हा लक्षात आलं की स्वतःच्या तोंडाने काही मागितलं होतं ते फक्त मुलांनी. बाकी सगळी माणसं वहिनींच्या अंदाजाने वहीत बसली होती. त्यांनी फोनवर विचारलं होतं ते "खोपोली चालेल ना?" एवढंच. थोरल्या वहिनीने असं विचारल्यावर आपल्याकडे कोण नाही म्हणेल?

अशा वेळी मी एक किस्सा सांगते, वहिनींनाही सांगितला. जेरी हार्वी या अमेरिकेतल्या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकाने 1974 साली तो लिहिला. टेक्सासमधल्या एका छोट्या गावात, सासुरवाडीला, भर उन्हाळ्याच्या दुपारी मंडळी पंख्याखाली डॉमिनोज खेळत बसली होती. सासरे म्हणाले, अ‍ॅबिलीनला जाऊन जेवू या. सगळ्यांनी होकार भरला. वातानुकूलन नसलेल्या गाडीतून, धुळीतून 53 मैल, म्हणजे सुमारे 85 किलोमीटर, गेले आणि तेवढेच परत आले. जेवणही बेताचंच. घरी आल्यावर एकेक जण कबूल करू लागला की त्याला जायचंच नव्हतं. सासऱ्यांनाही नव्हतं, बाकीचे कंटाळलेत असं वाटून त्यांनी विषय काढला होता. भांडणाची भीती आपल्याला फार असते. पण मोठ्या कुटुंबाची सहल मला अनेकदा भांडणाने नव्हे, तर अशा खोट्या एकमताने थकलेली दिसते.

वहिनींना मी एक काम दिलं. प्रत्येकाशी वेगळं बोलायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या: या सहलीत हमखास हवं असं एक काय, आणि नको असं एक काय. उत्तर आलं की ते लिहून घ्यायचं, त्यावर "अहो पण" म्हणायचं नाही.

पुढच्या भेटीत वहीचं उजवं पान खोडून पुन्हा लिहिलेलं होतं. सगळ्यात मोठा धक्का सासूबाईंनी दिला होता. ज्यांना बाकावर बसवून सोबतीला कोण ठेवायचं याची विवंचना होती, त्या म्हणाल्या, "ते खुर्चीत बसून आकाशातून सगळा देश बघितल्यासारखं वाटतं म्हणतात, तिथे मला जायचंय." नातीने त्यांना 'आय फॉर इंडिया'बद्दल कधीतरी सांगितलं होतं. सासऱ्यांना पार्कमध्ये रस नव्हता, पण इतकं जवळ जाऊन पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय परतायचं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. मोठ्या मुलांना नायट्रो या रोलरकोस्टरवर पुन्हा पुन्हा बसायचं होतं आणि लहानांची राखण नको होती. नणंदेला आईजवळ कुणी मध्ये न येता तासभर बसायचं होतं. आणि वॉटर पार्कचा दुसरा दिवस हवा असं म्हणणारं, एका पाच वर्षांच्या पुतण्याखेरीज, कुणीच निघालं नाही.

दिरांचं उत्तर सगळ्यात उशिरा आलं, तेही त्यांच्या बायकोकडून. चौघांची तिकिटं, दोन दिवसांचं हॉटेल, वर आई-बाबांचा वाटा. त्या वर्षी त्यांना ते झेपत नव्हतं. म्हणून ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ वहिनी "माझ्यावर नाराज आहेत" असा लावत होत्या. पैशाची गोष्ट मोघम ठेवली की ती रुसव्याचं रूप घेते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता सहलीचा विषय निघाला की आधी तेच विचारते. वहिनी लगेच मधला मार्ग शोधू लागल्या. मी त्यांना थांबवलं. हे दोन भावांचं बोलणं होतं.

यजमानांना मी पुढच्या भेटीला बोलावून घेतलं. "तू ठरव, मला त्यातलं काही कळत नाही" असं म्हणून सगळं बायकोवर सोपवणारा, एरवी अतिशय प्रेमळ माणूस. भावाला फोन करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण केला. मुक्काम एका रात्रीवर आला, हॉटेल साधं घेतलं, आणि आई-बाबांचा खर्च तिघा भावंडांनी ऐपतीप्रमाणे उचलायचा ठरला.

मग बेत आपोआप हलका झाला. दिवाळीची सुट्टी सोडून जानेवारीतला मधला वार घेतला. मुलांची शाळा बुडते यावरून थोडी कुरकुर झाली, पण गर्दी कमी म्हणजे रांगा कमी, आणि खोपोलीत त्या दिवसांत हवाही बरी असते. पार्कमध्ये 14 जणांनी एकत्र फिरायचं नाही, हे मी आग्रहाने सांगितलं. एकाला भूक, एकाला बाथरूम, एकाला भीती, असं करत सगळा जथा दिवसभर नुसता एकमेकांसाठी थांबत राहतो. दोनच वेळा एकत्र यायचं: दुपारचं जेवण आणि संध्याकाळची परेड. जेवायला दीड वाजता जे असतील त्यांनी सुरुवात करायची, उशिरा येणाऱ्याला कुणी बोलायचं नाही.

एक छोटी गोष्ट वहिनींनी स्वतःच्या मनाने केली, ती मला फार आवडली. तिथल्या राईड्सना उंचीच्या वेगवेगळ्या अटी असतात. त्यांनी वेबसाइटवरून त्या उतरवून घेतल्या आणि दिरांकडे गेल्या असताना पाच वर्षांच्या पुतण्याला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीने रेघ मारली. कुठे बसता येईल, कुठे अजून नाही, हे त्याला तिथेच दाखवलं. तो रडला, पण घरी रडला, आईच्या मांडीवर. रांगेत तासभर उभं राहून, सगळ्या भावंडांदेखत परत फिरणं त्याला सोसलं नसतं. सासूबाईंच्या रक्तदाबाचंही असंच: डॉक्टरांना आधी विचारलं, पार्कच्या सूचना वाचल्या. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून औषधांच्या वेळी काय खायचं याची फोनवर चौकशी यजमानांनी केली. औषधांचा डबाही त्यांच्याच खांद्यावरच्या पिशवीत गेला.

सहलीनंतर वहिनी आल्या. वाद झालाच होता. नणंदेचा मुलगा आणि वहिनींची मुलगी जेवायला बरंच उशिरा उगवली, ठरलं होतं तरी दीर चिडले. वहिनी उठणार होत्या, पण उठल्या नाहीत. नणंदेने भावाला समजावलं, पाच मिनिटांत विषय संपला. "माझ्याशिवाय मिटलं," हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात थोडं दुःखही होतं. आपली गरज कमी पडली तर आपलं स्थान काय राहील, ही भीती अशा बायकांच्या मनात खोलवर असते. त्यावर आम्ही पुढे बरंच बोललो.

सासूबाई त्या आकाशातल्या खुर्चीत दोनदा बसल्या, दुसऱ्यांदा सासऱ्यांना घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना जायचं ते पालीला गेले, बाकीचे हॉटेलवर दहापर्यंत झोपले. वहिनी झोपणाऱ्यांत होत्या.

त्यानंतरच्या भेटीला नवरा-बायको दोघं आले ते वेगळ्याच विषयावर. सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची होती आणि खर्च कसा वाटायचा हा प्रश्न होता. या वेळी फोन दिरांनी केला होता, आणि थेट भावाला.